अठरा हजार नेमके कुठून वाचले?

पत्राचा सारांश: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सत्तावीस वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. वडिलांनी उभ्या केलेल्या मालवाहतुकीच्या धंद्याचा हिशेब वर्षभरापासून ते बघतात. गाड्या तीन: दीड वर्षापूर्वी कर्जावर घेतलेली दहाचाकी, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली २०१४ ची सहाचाकी, आणि ते स्वतः चालवतात ती वडिलांच्या नावावरची पिकअप. तिन्हींच्या विम्याला वर्षाला १ लाख ७० हजार जातात. वडील म्हणतात, "तीस वर्षांत एक क्लेम केला नाही, पैसे पाण्यात. कर्जाची गाडी सोडून बाकीच्यांना नुसती थर्ड पार्टी काढ." विमा सख्ख्या मामांमार्फत निघतो. दहाचाकीसाठी यंदा ऑनलाइन कोटेशन मामांपेक्षा १८ हजारांनी स्वस्त आलंय, पण मामांना दुखवायचं कसं? त्यातच जुलैत सुरतेला नेलेली साखर भिजली आणि ट्रान्सपोर्टवाल्यानं भाड्यातून ६२ हजार कापले. "फुल इन्शुरन्स असून कंपनीनं हात वर केले. मग विम्याचा उपयोग काय?" असं ते विचारतात.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या प्रश्नांसाठी आणि दुसऱ्यांदा, तुम्ही सहज लिहून गेलेल्या दोन वाक्यांसाठी. एक वाक्य असं: "ड्रायव्हर वाटेत एखाद-दुसरी सवारी घेतो, तेवढाच त्याच्या चहापाण्याला आधार." आणि दुसरं: "सहाचाकी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, पण फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात." विमा कंपनीच्या दावा विभागात मी बावीस वर्षं काढली, त्यामुळे माझी नजर आधी अशाच वाक्यांवर जाते. १८ हजारांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तुमच्या धंद्याला खरा धोका या दोन वाक्यांत आहे. त्यांच्याकडे येतेच.

आधी साखरेचं बघू, कारण तुमचा सगळा राग तिथून सुरू झालाय. "फुल इन्शुरन्स" हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात सगळंच आलं असं वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या पॉलिसीत दोनच गोष्टी आहेत: तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, म्हणजेच थर्ड पार्टी, आणि तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान. गाडीत भरलेला माल या दोन्हींत बसत नाही. तो मालाच्या मालकाचा असतो आणि त्याचा विमा त्यानं काढायचा असतो. त्या पॉलिसीला ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणतात. तेव्हा कंपनीनं हात वर केले म्हणण्यापेक्षा, जे तिनं कधी हातात घेतलंच नव्हतं ते आपण मागितलं, असं झालं.

म्हणून ६२ हजार मुकाट्यानं सोडून द्यायचे असंही नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला तीन गोष्टी विचारा. किती पोती भिजली याचा पंचनामा किंवा सर्व्हे रिपोर्ट आहे का? साखर पाठवणाऱ्यानं ट्रान्झिट विमा काढला होता का, आणि त्याला पैसे मिळालेत का? मिळाले असतील तर तुमच्याकडून कापलेली रक्कम नक्की कुणाला गेली? विमा कंपनी मालवाल्याला भरपाई देते आणि मग वाहतूकदाराकडे वसुलीला येते, हे खरं आहे. पण ती वसुली कागदावर होते, परस्पर भाड्यातून नाही. शिवाय बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, ज्यानं फाडली तो ट्रान्सपोर्टवाला कायद्यानं 'कॉमन कॅरिअर' ठरतो. रस्ता मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात आणि २०११ च्या नियमांत त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, पाठवणाऱ्यानं मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून जादा दर भरला असेल तर गोष्ट वेगळी. ही मर्यादा त्याला माहीत असते. ती तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

यापुढे अशी वेळ येऊ नये म्हणून वाहतूकदाराच्या जबाबदारीची वेगळी पॉलिसी मिळते. ट्रान्सपोर्टवाल्याकडे ती आहे का ते विचारा. महिन्याला थेट कारखान्याच्या चार-पाच फेऱ्या मारत असाल तर स्वतःसाठीही दर काढून बघा. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असतो, त्यावर विसंबू नका. ताडपत्री फाटकी होती हे सिद्ध झालं तर त्या शिक्क्याचा काही उपयोग नाही. माल भरताना आणि ताडपत्री बांधल्यावर ड्रायव्हरनं मोबाइलवर चार फोटो काढावेत. याला पैसे लागत नाहीत.

आता वडिलांकडे येऊ. तीस वर्षं गाडी रस्त्यावर आणि एकही क्लेम नाही, यात त्यांचं कसब आहे आणि ते मान्य करायला हवं. पण एक गोष्ट त्यांना हळूच विचारा: त्या तीस वर्षांतली बहुतेक वर्षं पॉलिसी नुसत्या थर्ड पार्टीचीच होती ना? मग स्वतःच्या गाडीसाठी क्लेम करायला पॉलिसीत काही नव्हतंच. त्या काळात बंपर, काच, पाटे जे काही तुटलं ते त्यांनी खिशातून भरलंय. तो खर्च 'विमा' या नावाखाली कधी वहीत आला नाही, इतकंच.

थर्ड पार्टीत घासाघीस होत नाही, हेही त्यांना सांगा. तो दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवतं. भाड्यानं माल वाहणाऱ्या गाड्यांना १ जून २०२२ पासून लागू झालेले दर एकूण वजनाप्रमाणे असे आहेत: ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये, त्यापुढे १२ टनांपर्यंत २७,१८६, २० टनांपर्यंत ३५,३१३, ४० टनांपर्यंत ४३,९५० आणि त्याहून जड गाडीला ४४,२४२. तुमची पिकअप पहिल्या गटात, सहाचाकी २० टनांच्या आत, दहाचाकी ४० टनांच्या आत. बेरीज ९५,३१२ रुपये, वर जीएसटी. (सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या पावतीशी ताडून बघताना हे ध्यानात ठेवा.) म्हणजे १ लाख ७० हजारांतले लाखभर रुपये असे आहेत, की ते वाचवायचा मार्ग एकच, गाडी विकणे.

विमा नसताना सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून जुने मालक हसतात. एका भाड्यात निघेल! पण त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला हिशेब बघितलेला नसतो. तो एकदा मांडून दाखवते. तुमच्या गाडीखाली तीस वर्षांचा, छोटं दुकान चालवणारा माणूस गेला. महिन्याची कमाई ३०,०००. मागे बायको, दोन मुलं, आई-वडील. वर्षाचे ३ लाख ६० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के धरतात, झाले ५ लाख ४ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले ३ लाख ७८ हजार. आणि त्या वयाचा गुणक १७. उत्तर येतं ६४ लाख २६ हजार. सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही पद्धत आहे. अंत्यसंस्काराचा खर्च वगैरे लहान रकमा आणि व्याज यावर वेगळं. तिन्ही गाड्या विकून एवढे पैसे उभे राहतील का, ते वडिलांनाच विचारा. मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत थर्ड पार्टीत कंपनीची जबाबदारी रकमेनं बांधलेली नसते. न्यायाधिकरण ठरवेल तेवढं ती भरते. (दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा असते. शे-दोनशे रुपये वाचावेत म्हणून ती सहा हजारांवर आणून ठेवलेल्या पॉलिसी मी पाहिल्यात. तुमची तपासा.)

कंपनी भरते, पण कागद नीट असतील तर. तुमचं पहिलं वाक्य इथेच आड येतं.

मालवाहू गाडीत फुकट किंवा पैसे देऊन बसलेला प्रवासी हा 'थर्ड पार्टी' नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आशाराणी प्रकरणात स्पष्ट केलंय. केबिनमध्ये मालाचा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस बसला असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. रस्त्यावर हात दाखवून चढलेल्याला नाही. सापुताऱ्याच्या घाटात तुमची गाडी कलंडली आणि आत दोन सवाऱ्या होत्या, तर त्यांच्या घरच्यांचा दावा तुमच्यावर येणार. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला "आधी तू भर, मग मालकाकडून वसूल कर" असं सांगतं. त्या कुटुंबाला ते बरं, तुमच्यासाठी फरक इतकाच की दारात त्यांच्याऐवजी कंपनीचा वकील येतो. ड्रायव्हरला चहापाण्याला दोनशे रुपये मिळतात आणि त्या बदल्यात तुमचं घर पणाला लागतं. त्याच्यावर चिडू नका, त्याला हे माहीत असायचं कारण नाही. भत्ता दोनशेनं वाढवा आणि सवारी बंद म्हणून बजावा. नजर ठेवायला गाडीत ट्रॅकर बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

सवारीसारखीच गोष्ट लायसन्सची. पिकअपपुरती चिंता नाही. ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं दिलाय. पण दहाचाकीचा ड्रायव्हर लग्नाला गेला म्हणून "मीच दोन दिवस घेऊन जातो" असं तुमच्या मनात आलं, तर त्याच लायसन्सवर ते चालणार नाही. परमिट आणि पासिंगचंही तसंच. सहाचाकीला आठ वर्षं उलटलीत, त्यामुळे तिचं फिटनेस दर वर्षी लागतं. ती तारीख विम्याच्या तारखेशेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ओव्हरलोडला दंड २०,००० आणि जादा प्रत्येक टनाला २,००० आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. क्लेमच्या वेळी त्याचा आणखी एक फटका बसतो. गाडीला परवानगी असलेल्या वजनापेक्षा जास्त माल होता असं नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरनं लिहिलं, की गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी फार तर पाऊण भागावर आणून ठेवते, आणि त्याविरुद्ध भांडायला तुमच्या हातात फारसं काही नसतं.

आता दुसरं वाक्य. जुन्या मालकाच्या नावावरची सहाचाकी.

गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडे जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ तसं सांगतं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की खरेदीनंतर चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करायचा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. तुमच्या बाबतीत काय झालंय? पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याची आता गाडी नाही, आणि गाडी ज्याची आहे त्याच्या नावावर पॉलिसी नाही. उद्या ती पेटली किंवा चोरीला गेली तर कंपनी दोघांनाही नाही म्हणू शकते. दोन वर्षं तुम्ही सहाचाकीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी भरलेला हप्ता खरोखरच पाण्यात गेलाय. वडिलांचा निष्कर्ष बरोबर निघाला, कारण मात्र भलतंच!

त्या जुन्या मालकाचाही विचार करा. न्यायाधिकरणापुढे 'मालक' म्हणजे नोंदणीत नाव असलेला माणूस. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा ठामपणे सांगितलंय. अपघात तुमच्या ड्रायव्हरकडून होईल आणि समन्स त्या बिचाऱ्याच्या घरी जाईल. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुम्हाला दोन वर्षं झाली. विलंबाचा दंड लागेल तो भरा. आणि घाई करा, कारण तो माणूस उद्या नसला तर त्याच्या वारसांमागे फिरावं लागेल. सह्या करून ठेवलेले, गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म तेव्हा कामाला येणार नाहीत. आणखी एक. पॉलिसीवर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चालू असेल तर तो तुमचा नाही. बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर राहतो.

नाव बदलून झालं की प्रश्न उरतो: सहाचाकीला नुसती थर्ड पार्टी पुरेल का? इथे मी अर्धी वडिलांच्या बाजूची आहे. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की पत्र्याच्या, लोखंडाच्या सुट्या भागांवरही कंपनी निम्मा घसारा कापते. रबर-प्लॅस्टिकवर तर नव्या गाडीलाही निम्मा कापतात. म्हणजे ८० हजारांचे भाग लागले तर हातात ४० येणार, मजुरी वेगळी. छोट्या-मोठ्या ठोकरीसाठी या वयाच्या गाडीला पूर्ण विमा फारसा कामाचा नाही. तो कामाला येतो गाडी पूर्ण गेली तर. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: ही गाडी उद्या जळाली किंवा चोरीला गेली, तर पुढची जुनी गाडी घ्यायला चार-पाच लाख कर्ज न काढता उभे राहतील का? राहत असतील तर वडिलांचं ऐका. नसतील तर थर्ड पार्टीला आग आणि चोरीची जोड देणारी मर्यादित पॉलिसी मिळते का ते विचारा. ती नाही मिळाली तर पूर्ण विमा, पण त्याकडे किरकोळ दुरुस्तीचा वाटेकरी म्हणून बघू नका.

दहाचाकीला पूर्ण विमा हवाच. कर्ज देणारी कंपनी सांगते म्हणून नाही, ती गाडी गेली तर धंदाच बसेल म्हणून. आता त्या १८ हजारांकडे. थर्ड पार्टीचा दर सगळीकडे एकच, तर हा फरक उरलेल्या भागातूनच आला असणार. दोन्ही कोटेशनचे फोटो तुम्ही पाठवलेत म्हणून मला उत्तर लगेच सापडलं.

गाडी बॉडीसकट ३६ लाखांची. एक ते दोन वर्षं वयाच्या गाडीला २० टक्के घट धरतात, म्हणजे विम्याची किंमत, आयडीव्ही, २८ लाख ८० हजार यायला हवी. मामांच्या कागदावर ती तेवढीच आहे. ऑनलाइनवाल्यानं २४ लाख धरलीत. तुमचं कर्ज बाकी आहे साधारण २४ लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली, असं धरतात आणि पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातात. स्वस्त पॉलिसीत कर्ज फिटेल आणि तुमच्या हातात शून्य येईल. मामांच्या पॉलिसीत पावणेपाच लाखांच्या आसपास उरतील, पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला.

दुसरा फरक एका ओळीचा आहे आणि तो नव्वद टक्के मालक वाचत नाहीत, असा माझा अंदाज. मामांच्या कोटेशनमध्ये 'आयएमटी २३' असं लिहिलंय. ऑनलाइनमध्ये ते नाही. व्यावसायिक वाहनांच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट आणि त्याच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम धरलेलंच नसतं, गाडी टोटल लॉस झाली तरच मिळतं. ते हवं असेल तर जादा हप्ता भरून हे कलम जोडावं लागतं. आता सांगा, ट्रक समोरच्यावर आदळला की पहिलं काय जातं? दावा विभागात माझ्यासमोर बसून माणसं म्हणायची, "मॅडम, फुल इन्शुरन्स आहे," आणि मी त्यांना दीड लाखाच्या बिलातले तीस हजार मंजूर झाल्याचं सांगायचे. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. चूक त्यांची नव्हती. विकणाऱ्यानं ती ओळ गाळून हप्ता कमी करून दाखवलेला असायचा.

तर १८ हजार वाचले नाहीत, तेवढ्याचं संरक्षण काढून घेतलं गेलं. ऑनलाइन विमा वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच कंपनीला २८ लाख ८० हजार आयडीव्ही आणि आयएमटी २३ घालून पुन्हा दर मागा. कदाचित चार-पाच हजार स्वस्त येईलही. तो खरा फरक. आणि तेवढ्यासाठी रात्री दोन वाजता घाटातून फोन उचलणारा मामा सोडायचा का, हे तुम्ही ठरवा.

पण मामांनाही सूट नाही. सहाचाकी दोन वर्षं जुन्या नावानं नूतनीकरण करत राहिले, ही त्यांची चूक आहे. तिन्ही पॉलिसींत ड्रायव्हरची जबाबदारी धरलीय, क्लीनरची नाही. माणशी अवघे पन्नास-एक रुपये लागतात हो! दहाचाकीवर दोन माणसं असतात तर दोघांचे पैसे भरा. आणि स्वतः तुम्ही. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तर त्याला असतो. पिकअप वडिलांच्या नावावर, चालवता तुम्ही. पगारी ड्रायव्हरही तुम्ही नाही. म्हणजे रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्या तुम्हालाच त्या पॉलिसीत काही नाही. स्वतःच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती महाग नसते.

मामांशी बोलायचं कसं, तर तक्रार घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा. "मामा, तिन्ही पॉलिसींत मला एवढ्या गोष्टी हव्यात, तुमच्याकडून दर द्या, मी आणखी दोन ठिकाणांहून मागवतोय," असं सरळ सांगा. धंदा करणारा माणूस यात दुखावत नाही. गुपचूप दुसरीकडे काढून नंतर मंगल कार्यालयात भेटल्यावर कळलं तर दुखावतो. पॉलिसी हातात आली की ती सरकारी 'वाहन' नोंदीत किंवा एमपरिवाहन अॅपवर दिसतेय का ते बघा. खोट्या पॉलिसी बाजारात फिरतात आणि ट्रकवाले त्यांचं आवडतं गिऱ्हाईक आहे.

एक गोष्ट कुठलीच पॉलिसी देत नाही. गाडी गॅरेजला महिना-दीड महिना उभी राहिली तर बुडालेलं भाडं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. दोन महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. किरकोळ दुरुस्ती त्यातूनच करा, क्लेम टाकू नका. एक छोटा क्लेम आणि पुढच्या वर्षीचा बोनस गेला. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० पर्यंत चढतो, फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तरीही जातो. गाडी सीझन नसल्यानं उभी आहे म्हणून विमा आठ-दहा दिवस लांबवायची जुनी सवय वडिलांना असेल, तर ती आता मोडा. खंड पडला की आधी गाडीची तपासणी आणि मग विमा. आणि मधल्या दिवसांत गाडी पेट्रोल पंपापर्यंत जरी नेली, तरी तेवढं अंतर बिनविम्याचं.

अपघात झालाच तर ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना आणि तुम्हाला कळवायचं. मोठा अपघात असेल तर जागेवर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत, पोलीस सांगत नाहीत तोवर, गाडी हलवायची नाही. नंतर कधीतरी न्यायाधिकरणाचं समन्स येईल. ते आल्या दिवशी कंपनीला पाठवा, सोबत लायसन्स, परमिट, फिटनेसच्या प्रती. "विमा आहे, कंपनी बघेल" म्हणून समन्स कपाटावर टाकून देणारे मालक मी पाहिलेत. ड्रायव्हरचं लायसन्स व्यवस्थित असूनही ते वेळेत पुढे आलं नाही आणि वसुलीचा आदेश मालकावर निघाला.

दहाचाकीच्या नूतनीकरणाला अजून तीन आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी सहाचाकीच्या जुन्या मालकाला फोन करा आणि त्याच्यासोबत आरटीओत जायचा दिवस ठरवा.